दीड महिन्याच्या मुलीच्या कानशिलावरचा लाल डाग वाढतोय. डोळ्यात टाकायचे थेंब लावतात म्हणे, खरं का?

माहेरवाशीण_दारव्हा

नमस्कार मंडळी. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले आहे, दारव्हा तालुक्यातलं खेडं, जिल्हा यवतमाळ. मुलगी दीड महिन्याची झाली. जन्मली तेव्हा अंगावर कुठे काही नव्हतं. बारशाच्या सुमारास उजव्या कानशिलावर, केसांच्या रेषेला लागून एक फिकट लाल ठिपका दिसला. आम्हाला वाटलं मच्छर चावला असेल. तो गेला नाही, वाढत गेला. आता रुपयाच्या नाण्याहून जरा लहान आहे, लालभडक, हात फिरवला की किंचित उंच लागतो. बोटाने दाबला की फिका पडतो, सोडला की पुन्हा लाल. रडली की अजून गडद होतो. दुखत नसावा, कारण हात लावला तर ती रडत नाही.

घरात जितकी तोंडं तितके उपाय. सासूबाई फोनवर विचारतात, ग्रहणात विळी हाती घेतली होती का. मावशी म्हणते बिब्ब्याचा टिपका दे, जळून जाईल. किराणा दुकानातून भावाने एक मलम आणलं, दुकानदार म्हणाला सगळ्यावर चालते. पुण्याची मामेबहीण म्हणते की काचबिंदूचे डोळ्यात टाकायचे थेंब या डागावर लावतात, तिच्या शेजारणीच्या बाळाला दिले होते. डोळ्याचं औषध कानशिलाला, हे ऐकून बाबा हसले.

विचारायचं एवढंच की थेंबांचं खरं आहे का, आणि दाखवायचं कुठे? कापूस वेचणी चालू आहे, सोबत यायला घरात कोणी मोकळं नाही. महिनाभर थांबलं तर चालेल का?

संपादक_मंडळ

ताई, बाळाचा चेहरा दिसेल असा फोटो धाग्यात टाकू नका. बाकी चर्चा चालू द्या.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, कायले एवढ्या घाबरून रायल्या? माह्या पोट्ट्याच्या पाठीवर असाच होता, टमाट्यावानी लाल. आमी काईच केलं नाई. शाळेत जायच्या टायमाले आपोआप गेला, आता तिथं कातडी जराशी ढिली हाय बस. थेंबगिंब काई नोका टाकू. डॉक्टर लोकाईले पैसे पायजे.

राळेगावकर

ठेचाभाऊ, पोराची पाठ शर्टाखाली जाते. ही मुलगी आहे आणि डाग चेहऱ्यावर आहे. ढिली कातडी कानशिलावर राहिली तर उद्या लग्नाच्या वेळी तुम्हीच विचाराल की तेव्हा दाखवलं का नाही. ताई, बिब्बा मात्र अजिबात नको. आमच्या चुलत्याच्या पायावर बिब्बा उतला होता, मोठ्या माणसाची कातडी सोलून निघाली. दीड महिन्याच्या लेकराचं काय होईल?

त्वचावैद्य_नागपूर

मी नागपुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. फोटोशिवाय आणि बाळ न तपासता निदान करणार नाही, पण ताईंनी वर्णन इतकं नीट केलंय की चर्चा करता येईल.

लाल जन्मखुणा सगळ्या एक नसतात आणि सगळा घोळ इथेच होतो. मानेच्या मागे, पापण्यांवर किंवा कपाळाच्या मध्यावर सपाट गुलाबी चट्टा असतो, तो कितीतरी नवजात बाळांना असतो. चेहऱ्यावरचा वर्ष-दोन वर्षांत विरतो, मानेवरचा पुष्कळदा राहतो, केसांखाली झाकला जातो. त्याला काही करायचं नसतं. दुसरा पोर्ट वाइन स्टेन. तो जन्मतःच असतो, सपाट असतो, बहुधा चेहऱ्याच्या एका बाजूला. बाळाबरोबर वाढतो आणि जात नाही, वय वाढेल तसा गडद आणि जाड होतो.

तिसरा म्हणजे हिमँजिओमा, बाळातल्या रक्तवाहिन्यांची गाठ. जन्मताना बहुधा नसतो किंवा अगदी पुसट असतो, पहिल्या काही आठवड्यांत उगवतो आणि भराभर वाढतो. शंभरात चार-पाच बाळांना होतो. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये जास्त. हा कर्करोग नाही. ग्रहण, विळी, आईचं खाणंपिणं यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ताईंचं वर्णन या तिसऱ्याशी जुळतं.

थेंबांचं खरं आहे. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट प्रसिद्ध केली. हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याची गाठच मऊ आणि फिकी पडायला लागली. त्याआधी स्टिरॉइडशिवाय फारसं काही हातात नव्हतं. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर, रक्तदाबाचं जुनं औषध. त्याच जातीचं टिमोलॉल काचबिंदूसाठी डोळ्यात टाकतात. मग २०१० मध्ये पापणीवरच्या गाठीला टिमोलॉल वरून लावून पाहिलं, तिथून हा वापर पसरला. औषधाने आतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि नवीन वाहिन्या फुटायचं प्रमाण कमी होतं. आधी लाल रंग उतरतो, मग उंची.

पण थेंब पातळ आणि वरवरच्या डागालाच लागू पडतात. गाठ जाड किंवा खोल असेल, कातडीखाली निळसर फुगवटा असेल, तर वरून लावलेला थेंब तिथपर्यंत पोचत नाही. अशा वेळी पोटातून प्रोप्रॅनोलॉल द्यावं लागतं. आणि थेंबांनी चमत्कारही होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, अगदी लवकर टिमोलॉल सुरू करूनही डाग पूर्ण किंवा जवळपास पूर्ण जाण्याच्या बाबतीत औषध नसलेल्या साध्या थेंबांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. तरी मी योग्य बाळाला देते, कारण पातळ डागावर रंग आणि वाढ आटोक्यात राहिलेली पाहिली आहे आणि नीट वापरलं तर धोका कमी आहे.

आता ‘महिनाभर थांबलं तर’ याबद्दल. थांबू नका. ही गाठ सगळ्यात जोरात वाढते ती साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात. तीन महिन्यांपर्यंत तिची बहुतेक वाढ उरकलेली असते. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, नंतर देवदर्शन, मग माहेरून सासरी पाठवणी, मग शेतीची कामं. नेमका कामाचा काळ यातच निघून जातो. माझ्याकडे येणारी बहुतेक बाळं सहा महिन्यांची होऊन येतात, तेव्हा थेंबांना करण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की धोक्याच्या जागी असा डाग असेल तर बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाला दाखवावं. तुमचा महिना उलटून गेलाय.

वऱ्हाडी_ठेचा

मॅडम, मंग माहं पोट्टं कसं बरं झालं बिनाऔषधाचं? आपोआप जाते तर औषध कायले?

त्वचावैद्य_नागपूर

दादा, तुमचं चुकीचं नाही. बहुतेक गाठी वर्षाच्या आसपास विरायला लागतात आणि चार वर्षांपर्यंत बऱ्याचशा विरतात. पाठीवर, पोटावर, छोटीशी असेल तर मीही नुसती नजर ठेवा म्हणते. पण गाठ जाते म्हणजे कातडी पूर्वीसारखी होते असं नाही. उपचार न केलेल्या निम्म्याहून जास्त बाळांत काहीतरी मागे राहतं. बारीक लाल शिरा, चरबीचा उंचवटा, नाहीतर तुम्ही म्हणालात ती ढिली कातडी. पाठीवर ते कोणी पाहत नाही. नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर राहिलं तर पुढे शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि काही जागी प्रश्न दिसण्याचा नसतोच. पापणीवरची गाठ डोळा झाकते, त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. हनुवटी-जबड्यावर दाढीच्या जागी असेल तर श्वासनलिकेतही असू शकते. बाळाचा श्वास घरघरत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चेहऱ्यावर पाच सेंटीमीटरहून मोठा, पट्ट्यासारखा पसरलेला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदय तपासतात. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी. कंबरेच्या खाली मणक्यावर असेल तर मणक्याची तपासणी. म्हणून ताई, आजच बाळाला उजेडात पूर्ण उघडं करून बघा. डोक्यावरच्या केसांत, लंगोटाच्या जागी, काखेत. किती आहेत ते मोजा.

मेडिकलवाला_आर्णी

माझं आर्णीला मेडिकल आहे, त्यामुळे बाटलीबद्दल सांगतो. मॅडमनी डॉक्टरला दाखवायला सांगितलंच आहे, पण आपल्या भागात लोक चिठ्ठीशिवाय नाव सांगून औषध मागतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

टिमोलॉल दोन ताकदीत येतं, ०.२५ आणि ०.५ टक्के. महाग नाही. धोका दुसरीकडे आहे. काचबिंदूच्या पुष्कळ बाटल्यांत टिमोलॉलबरोबर दुसरं औषध मिसळलेलं असतं. ब्रिमोनिडीन मिसळलेली बाटली लहान बाळाला घातक आहे, त्याने बाळ गळून जातं, श्वास मंदावतो. नाव जवळपास सारखं, खोका सारखा, आणि दुकानात नवीन पोरगा असला की ‘तेच आहे’ म्हणून देऊन टाकतो. आजोबांची अर्धी उरलेली काचबिंदूची बाटली तर मुळीच वापरू नका. खोक्यावर घटक वाचा, एकटं टिमोलॉल लिहिलेलं पाहिजे.

आणि ते ‘सगळ्यावर चालणारं’ मलम. अशा मलमात बहुतेक वेळा तेज स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. किराणा दुकानात ते विकायची परवानगीच नाही. बाळाच्या कातडीला ते पातळ करतं. लावत असाल तर ट्यूब डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.

माहेरवाशीण_दारव्हा

मलम लावलेलं नाही, ठेवून दिलं होतं. सगळ्यांचे आभार. मॅडमनी सांगितल्यावर आत्ता बाळाला पूर्ण बघितलं, पाठीवर डाव्या बाजूला अजून एक ज्वारीच्या दाण्याएवढा निघाला. म्हणजे दोन. आम्ही तेल लावून आंघोळ घालतो रोज, पण तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

आशाताई_धारणी

मी मेळघाटात आशा आहे. आमच्या कामाचं सांगते. बाळंतिणीच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, नाळ, दूध ओढते का ते बघतो. मॅडमनी सांगितलेला डागाचा काळ आणि आमच्या भेटींचा काळ तोच आहे. म्हणून बाळंतिणींना सांगते, आशा आली की नवीन डाग तिला दाखवा, कागदावर लिहून घ्यायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत. सहाव्या आठवड्याला लस द्यायला उपकेंद्रात जाताच, तिथे सिस्टरलाही दाखवा.

आमच्याकडे पोट फुगलं की लेकराला डंबा देतात, तापलेल्या लोखंडाने पोटावर डागतात. लाल डागालाही डागायला निघालेले मी पाहिलेत. त्या जागी नुसतं रक्तच असते, डागलं की जखम आणि पू. भुमकाला, म्हणजे गावातल्या पूजा-उपचार करणाऱ्याला, शिव्या देऊन काम होत नाही बरं का. मी म्हणते, तुमची पूजा करा, पण डागाला हात न लावता करा. ऐकतात.

पुसदचा_बाप

आमचं थोडं वेगळं झालं, सांगून ठेवतो. आमच्या मुलीला लंगोटाच्या जागी होता. लघवी-शीच्या ओलाव्याने तीन महिन्यांची असताना मधोमध फाटला, जखम झाली. लेकरू प्रत्येक लघवीला किंचाळायचं. तालुक्याच्या एका दवाखान्यात तोवर ‘जाईल आपोआप’ एवढंच ऐकलं होतं. शेवटी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. तिथे पोटातलं औषध सुरू केलं, दोन दिवस ठेवून घेतलं, ठोके आणि साखर बघत होते. महिन्याभरात जखम भरली. मॅडम, तेव्हा आम्हाला कोणी थेंब दिले असते तर काम झालं असतं का?

त्वचावैद्य_नागपूर

नाही. फाटलेल्या जागी टिमोलॉल घरच्या घरी लावू नये. उघड्या जखमेतून आणि ओठ, गुदद्वार यांच्या ओल्या त्वचेतून औषध थेट रक्तात जातं. टिमोलॉल प्रोप्रॅनोलॉलपेक्षा कितीतरी पट तेज आहे, आणि कातडीतून गेलेलं औषध यकृतातून गाळून जात नाही. एका थेंबात साधारण पाव मिलिग्रॅम औषध असतं, तीन-चार किलोच्या बाळासाठी ते थोडं नाही. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या किंवा फार कमी वजनाच्या बाळात, दम्यासारखी घरघर असलेल्या किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्या बाळात आम्ही थेंबांनाही घाबरतो.

पोटातल्या प्रोप्रॅनोलॉलबद्दल सगळ्यांनी एक ध्यानात ठेवा. ते उपाशीपोटी द्यायचं नाही, नेहमी दूध पाजताना किंवा पाजून लगेच. बाळ दूध ओढत नसेल, उलट्या-जुलाब असतील तर त्या दिवशी बंद ठेवून डॉक्टरांना फोन करायचा. कारण साखर एकदम उतरते. बाळ गार पडलं, घाम फुटला, उठवून उठत नाही, झटके आले, तर वाट न पाहता दवाखाना. आपल्याकडे गोळीची पूड करून पाण्यात देतात, तेव्हा किती पाण्यात किती हे चिठ्ठीवर लिहून घ्या, अंदाजाने चमचा नको.

चिखलीची_आत्या

माझ्या भाच्याला जन्मापासून अर्ध्या चेहऱ्यावर, कपाळ आणि वरच्या पापणीसकट सपाट जांभळट-लाल डाग आहे. आता आठ महिन्यांचा आहे. डाग वाढला नाही, कमीही झाला नाही. हा धागा वाचून वहिनी म्हणते आपणही थेंब आणू.

त्वचावैद्य_नागपूर

आत्या, थेंब आणू नका, त्याचा उपयोग होणार नाही. हे वर्णन पोर्ट वाइन स्टेनचं वाटतं. त्यात वाहिन्यांची वाढ नसते, त्या जन्मतःच रुंद असतात. २०१३ मध्ये कळलं की गर्भात असतानाच एका जनुकात, जीएनएक्यू नावाच्या, बदल झालेला असतो. तोही आईवडिलांकडून आलेला नसतो. यावर पल्स्ड डाय लेसर करतात, अनेक बैठका लागतात, जितक्या लहानपणी सुरू तितकं बरं. रंग उतरतो, बहुधा पूर्ण जात नाही. लेसरबरोबर सिरोलिमस नावाचं औषध वरून लावून पाहण्याचे प्रयोग झालेत, पण ते घरी आणून लावायचं मलम नव्हे.

तुमच्या बाबतीत लेसरच्याही आधी दुसरी घाई आहे. डाग कपाळ आणि वरच्या पापणीवर असेल तर त्या डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो आणि बाळाला झटके येऊ शकतात. याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा. एखादा हात-पाय लटका वाटतो का, झटक्यासारखं काही होतं का, हे वहिनींना विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयात दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, तिथे जाणं सोयीचं.

चिखलीची_आत्या

अकोल्याला जातो. दाबाचं कोणीच बोललं नव्हतं.

माहेरवाशीण_दारव्हा

यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला जाऊन आले. आई सोबत आली, वेचणी एक दिवस बायांवर सोडली. एसटीत अर्ध्या तिकिटात दोघी, तेवढंच सुख, बाकी ओपीडीची रांग म्हणजे रांगच.

हिमँजिओमाच निघाला. डॉक्टरांनी बाळाला पूर्ण उघडं करून पाहिलं, दोनच आहेत. वजन केलं, छाती ऐकली, ठोके मोजले. डाग पातळ आहे आणि डोळ्यापासून लांब आहे म्हणून ०.५ टक्के टिमोलॉल, एक थेंब दिवसातून दोनदा, फक्त कानशिलावरच्या डागाला. पाठीवरच्याला काही नाही. दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात, बाजूला रुपयाचं नाणं धरून फोटो काढायचा. तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. डाग जाड होत असेल तर पोटातून औषध. मामेबहिणीला फोन करून सांगितलं, ती फार खूश झाली. बाबा आता हसत नाहीत, थेंब टाकताना बाळाचं डोकं तेच धरतात.

दोन प्रश्न राहिले. थेंब ओघळून डोळ्याकडे जातो. आणि दहाव्या आठवड्याची लस घ्यायची की थांबायचं?

त्वचावैद्य_नागपूर

छान केलंत. थेंब टाकताना बाळाला डाव्या कुशीवर झोपवा म्हणजे कानशील वर येईल. बाटलीचं टोक डागाला टेकवू नका, थेंब पडला की बोटाच्या टोकाने डागापुरता पसरवा आणि सुकेपर्यंत तसंच धरा. चोळायचं नाही, वर पट्टी बांधायची नाही, नंतर हात धुवायचे. विसरलात तर पुढच्या वेळी दोन थेंब टाकू नका.

लस वेळेवर घ्या, थेंबांमुळे ती टाळायची गरज नाही.

मेडिकलवाला_आर्णी

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, चार आठवड्यांनी उरली तरी टाकून द्या. आणि टिनाच्या घरात उन्हाळ्यात ठेवू नका. मार्चनंतर आपल्याकडे फळीवरचं औषध तापतं, घरात सगळ्यात गार जागा असेल तिथे ठेवा, लहान पोरांच्या हाती लागणार नाही अशी.

वऱ्हाडी_ठेचा

बरं मॅडम, हे थेंब किती दिवस टाकत रायचे? पोट्टी शाळेत जाईपर्यंत?

त्वचावैद्य_नागपूर

नाही दादा. बहुधा सहा महिने ते वर्षभर, गाठीचा वाढायचा काळ सरेपर्यंत. लवकर फिका पडला म्हणून घरच्या घरी बंद केला तर काही बाळांत पुन्हा लाल होतो, त्यामुळे बंद कधी करायचं ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. मधल्या काळात सर्दीबरोबर श्वास घरघरायला लागला, बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागलं किंवा हातपाय गार लागले, तर थेंब थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

वऱ्हाडी_ठेचा

ठीक. माह्या साळ्याच्या पोट्टीले नाकावर आला म्हणते, वीस दिवसाची हाय. वणीले राहतात. उद्याच धाडतो त्याईले.

त्वचावैद्य_नागपूर

नाकाच्या शेंड्यावर असेल तर थेंबांवर विसंबू नका, पोटातल्या औषधाचा विचार लवकर करावा लागतो. चंद्रपूर किंवा नागपूर, जे जवळ पडेल तिथे जा म्हणावं. जन्माच्या वेळचं वजन लिहिलेलं कार्ड सोबत न्यायला सांगा.